लाल गाडीचे तांडेल

बोईसर स्टँडवर गाडीत चढल्यावर बाकीचे ड्रायव्हर स्टिअरिंगला हात लावून नमस्कार करायचे, काच पुसायचे, फार तर तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात सरकवायचे. आमच्या नवापूरच्या गाडीचे ड्रायव्हर मात्र आधी मागे वळून सगळ्या गाडीला पाण्याची खबर द्यायचे.

"पाणी नितळ हाय. गार हाय. मासा तळाला बसलाय, आज तोंड उघडायचा नाय."

मग गाडी सुरू. कारखान्यातली पाळी संपवून निघालेली, खाडीशी काही देणंघेणं नसलेली माणसंसुद्धा माना डोलवायची. एखादा नवीन कामगार शेजाऱ्याला विचारायचा, "क्या बोला ड्रायव्हर?" शेजारी गंभीरपणे सांगायचा, "ठंड है. मछली आज नहीं खायेगी." विचारणाऱ्याचं समाधान व्हायचं की नाही कोण जाणे, पण तोही मान डोलवायचा.

गावात त्यांना तांडेल म्हणत. तांडेल म्हणजे होडीचा मुख्य, सुकाणू धरणारा माणूस. त्यांचे वडील खरोखरचे तांडेल होते. यांना ते नाव मिळालं ते थट्टेनं, कारण नवापूरच्या किनाऱ्यावर जन्मून, मच्छीमाराच्या घरात वाढून, या माणसाला समुद्र लागायचा. पहिल्यांदा वडिलांच्या होडीवर गेले तेव्हा ओकून ओकून इतके निपचित पडले की ऐन हंगामात होडी अर्ध्यातून माघारी फिरवावी लागली. खलाशी रिकाम्या हातांनी घरी गेले. त्यानंतर ते कधी होडीवर चढले नाहीत. ट्रक चालवायला शिकले आणि पुढे एसटीच्या लाल गाडीवर लागले. ही हकीगत त्यांच्या तोंडूनच मी ऐकली आहे, आरशातून मागे बघत, हसत सांगितलेली. "घाट असू दे, खड्डे असू दे, कुठंबी गाडी घाला, मला काय होत नाय. पण खालचं पाणी हाललं का मी हाललो."

आम्ही गावात उपरे होतो. वडिलांना कारखान्यात नोकरी लागली, नवापुरात भाड्यानं ऐसपैस घर मिळालं, म्हणून आलो. ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. मी बोईसरच्या इंग्रजी शाळेत जायचे आणि गावातल्या मुली मला 'मॅडम' म्हणायच्या. त्यात राग होता की कौतुक, ते मला कळत नसे, म्हणून मी कोणाशीच बोलत नसे. ड्रायव्हरच्या मागची खिडकीजवळची जागा मी धरून ठेवायचे, कारण तिथं बसलं की गाडीकडे पाठ करता यायची. तांडेलांना मात्र माझ्या गप्प बसण्याचं भारी कौतुक. "ही बाय गळाला चांगली," ते कंडक्टरला सांगायचे. "तुमच्यासारखी खाडीवर येऊन शिट्टी वाजवायची नाय."

कंडक्टर घाटावरचे. त्यांना सगळे मास्तर म्हणत. पट्टा कमरेला घट्ट, तिकीट फाडताना रेघ सरळ. समुद्र त्यांनी नोकरीला लागल्यावर पहिल्यांदा पाहिला आणि त्याची भरती रोज वेगळ्या वेळी येते, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. "अहो तांडेल, एवढं मोठं पाणी, त्याला वेळापत्रक नको?"

"हाय ना. तुमच्या कागदात नाय, पंचांगात हाय."

तांडेलांची खरी अडचण हीच होती. गाडीची वेळ ठरलेली आणि भरती रोज पुढे सरकणारी. आमची गाडी दुपार कलल्यावर खाडीवरचा पूल ओलांडून गावाच्या तोंडाशी वळायची आणि परत निघेपर्यंत थोडा वेळ उभी राहायची. तेवढाच वेळ त्यांचा. षष्ठी-सप्तमीच्या सुमाराला भरतीही नेमकी त्याच वेळी वर यायची. "षष्टी-सप्तमीला पाणी आपल्या गाडीनंच येतं," ते म्हणायचे. बाकी दिवशी ते पुलाच्या कठड्यावर हात टेकून नुसते खाली बघत उभे राहायचे. त्या सप्तम्यांतही त्यांना थंडीतलीच हवी असे. पावसाळ्यात खाडी गढूळ आणि दांडगी. थंडीत पाणी नितळतं, पण गारठतं आणि मासा सुस्त होतो. पहाटेचा मतलई वारा, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे जाणारा तो बोचरा वारा, दोन-तीन दिवस पडायला हवा. मग दिवसा चिखल उन्हात तापायला हवा. त्या तापलेल्या चिखलावरून भरतीचं पाणी चढलं की ते कोमट होतं आणि पुलाच्या खांबामागे बसलेला जिताडा, खाडीतला तो मोठा चंदेरी मासा, हालचाल करतो. हे सगळं मला वर्षभर तुकड्यातुकड्यानं कळत गेलं, गिअर बदलण्याच्या मधल्या जागांतून.

जिताडाच का, तेही एकदा त्यांनी सांगितलं. ते सांगताना हसले नाहीत.

त्यांच्या घरी रोज दोन कालवणं व्हायची. एक तांडेलांनी खाडीतून आणलेल्या माशांचं, बोय किंवा शिंगाळ्याचं. दुसरं चुलतभावाच्या होडीवरून आलेल्या समुद्राच्या माशांचं, एकट्या म्हाताऱ्या बाबांसाठी. बाबा मुलाच्या हातचा मासा ताटात घेत नसत. होडी माघारी फिरली त्या दिवसापासून. भांडण नाही, अबोला नाही, बोलणं-चालणं सगळं नीट. फक्त मासा नाही. "खाडीचा मासा चिखल खातो," एवढंच म्हणायचे. तांडेलांची बायको दोन पातेली चढवायची आणि कोणासमोर कुरकुर करायची नाही.

"जिताडा दोनी घरचा," तांडेल आरशातून मला म्हणाले. "समुद्रात जातो, खाडीत येतो. तो आणला तर म्हातारा काय बोलंल? यकदा बाबाच्या ताटात पडला पाहिजे, बाय. मंग मी गळ खुंटीला टांगीन."

ते गळ टांगणार नाहीत हे मला तेव्हाही कळत होतं.

जिताडा लागत नव्हता असं नाही. लागायचा आणि सुटायचा. काठी-बिठी त्यांच्याकडे नव्हती. लाकडी फिरकीवर गुंडाळलेला तंगूस, म्हणजे नायलॉनचा तो पारदर्शक दोरा, टोकाला शिसं आणि गळ. आमिषाला जिवंत कोळंबी, ओल्या गोणपाटात गुंडाळून ड्रायव्हरच्या सीटखाली ठेवलेली. पाण्यात फेकून दोरा बोटांवर धरून बसायचं. मोठा मासा दोरा घेऊन पळाला की तो पळू द्यायचा आणि दमला की ओढायचा, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. पण दोऱ्याला जोराचा हिसका बसला की त्यांचा उजवा पाय आपोआप पुढे जायचा आणि ते खडकावर करकचून ब्रेक दाबायचे. पाय दाबला की हातही आवळायचे. तंगूस तट्कन तुटायचा.

"अवो, परत बिरेक!" काठावरून कोणीतरी ओरडायचं.

"काय करू, पोटापाण्याची सवय हाय," तांडेल तुटलेला दोरा गुंडाळत म्हणायचे. पण त्या संध्याकाळी बाबांच्या ओट्यावरून जाताना ते जरा लांबून जायचे.

त्या पौषात थंडी कधी नव्हे इतकी पडली होती. आमच्या गाडीत माणसं स्वेटर घालून बसायची आणि मास्तर कानाला मफलर बांधून तिकिटं फाडायचे. मग वारा पडला. दोन दिवस लख्ख ऊन. सप्तमीला दुपारी स्टँडवर तांडेल चढले आणि मागे वळून काहीच बोलले नाहीत. सगळी गाडी वाट बघत राहिली.

"काय तांडेल, पाणी?" एक मासेवाली मावशी रिकामी पाटी मांडीवर घेऊन बसली होती, तिनं विचारलं.

"बोलायचं नाय आज," ते म्हणाले आणि गाडी सोडली.

पुलापलीकडे गाडी वळवून लावली आणि फिरकी घेऊन ते खाली खडकांवर उतरले. मी घरी जायला हवं होतं. दप्तर पाठीला लावून कठड्याशी उभी राहिले. मासेवाली मावशीही थांबली. गाडीत परतीचे उतारू बसू लागले. पाणी चिखलावरून चढत होतं, त्याच्या कडेला बारीक फेस होता. काही झालं नाही. बराच वेळ काहीच झालं नाही.

मास्तरांनी दारातून घड्याळ दाखवलं. तांडेलांनी वर पाहिलंच नाही, आणि त्याच क्षणी दोरा ताठ झाला.

उजवा पाय पुढे गेला. मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. टाच खडकावर दाबली गेली, मूठ आवळली, दोरा सुं आवाज करू लागला. आता तुटणार. मावशीनं "गेला रे गेला!" म्हणून कपाळावर हात मारला. नेमकं तेव्हाच गाडीत मास्तरांचा संयम संपला. वेळ झाली म्हणजे झाली. त्यांनी दोरी खेचून डबल बेल मारली. टिंग, टिंग.

डबल बेल म्हणजे गाडी सोडा. इतक्या वर्षांत तांडेलांनी डबल बेल कधी डावलली नव्हती. पाय ब्रेकवरून उचलला गेला, मूठ सैल झाली आणि तंगूस फिरकीवरून भराभर सुटला. पाण्यात लांबवर एक रुंद चंदेरी कूस वळली आणि परत खाली गेली.

तुटला नव्हता.

तांडेल एक क्षण स्वतःच्या पायाकडे बघत राहिले. मग मान वर करून ओरडले, "मास्तर! दोरी सोडू नका! मी सांगंन तवा मारा!"

"अहो, गाडीची वेळ..."

"मास्तर, पाया पडतो!"

मास्तर खिडकीतून डोकावले. तो मासा त्यांनाही दिसला असावा. त्यांनी मफलर सोडला, एक हात दोरीवर ठेवला आणि त्यापुढे जे चाललं तसं मी पुन्हा कुठं पाहिलं नाही. मासा पळाला की डबल बेल, दमला की सिंगल, म्हणजे गाडी थांबवा. सिंगलला तांडेल ब्रेक दाबून ओढायचे, डबलला सोडायचे. पहिल्यांदा सांगावं लागलं, मग मास्तर स्वतःच पाण्याकडे बघून वाजवू लागले आणि उतारू एका बाजूच्या खिडक्यांत गोळा झाले. "मास्तर, सिंगल द्या, सिंगल!" "अरे रुको, अभी भाग रहा है!" मास्तर मागे न बघता म्हणाले, "मध्ये बोलायचं नाही. बेल माझी आहे."

शेवटी मासेवाली मावशी लुगडं खोचून गुडघाभर चिखलात उतरली. "गाडीवाल्या, आता सोडलास तर तुलाच पाण्यात लोटीन!" असं बजावत तिनं पाटी माशाखाली सरकवली. जिताडा पाटीत मावेना. डोकं एकीकडे, शेपूट दुसरीकडे.

मास्तर खाली उतरले, मासा नीट निरखला आणि म्हणाले, "हा गाडीतून नेला असता तर अर्धं तिकीट फाडलं असतं." त्यांचा विनोद मी तेवढाच ऐकला.

बाबांचं अंगण गाडीच्या थांब्यापासून हाकेच्या अंतरावर. सगळी वरात तिकडे निघाली, अर्धे उतारूसुद्धा. मीही गेले, सगळ्यांच्या मागे. बाबा वाळत घातलेल्या बोंबलांपाशी बसले होते. मावशीनं पाटी समोर ठेवली. तांडेल मात्र पाटीच्या मागे उभे राहिले, ओले, चिखलानं भरलेले. 

बाबांनी माशाचा कल्ला बोटानं उघडून पाहिला. लाल होता.

"पानी कसं होतं?"

"चढतं. कोमट."

"कुठं होता?"

"खांबामागं."

"गळाला काय?"

"जिती कोलंबी, बाबा."

बाबांनी कल्ला मिटला. मग त्यांनी आत पाहून सुनेला हाक मारली. "बाय, ह्याचं यकच कालवन कर. दुसरं पातेलं चढवू नको."

तिनं दारात येऊन विचारलं, "आनि डोकं तुमाला ना?" त्यांच्या घरी मोठ्या माशाचं डोकं तांडेलाच्या ताटात पडायचं. तशी रीतच होती आणि त्या घरात खरे तांडेल एकच होते, बाबा.

"मला कशाला?" बाबा म्हणाले. "डोकं तांडेलाला वाढ." आणि हनुवटीनं मुलाकडे दाखवलं.

कोणी हसलं नाही. तांडेल खाली बसले आणि उगाच पाटीची कड पुसू लागले. मागून मास्तरांची शिट्टी ऐकू आली, पण जरा हळू.

गळ अर्थातच खुंटीला टांगला गेला नाही.

पुढे मी कॉलेजसाठी बाहेर गेले आणि त्यांची बदली जव्हारच्या मार्गावर झाली, सगळा घाट आणि डोंगर. एकदा सुट्टीत पालघर स्टँडवर उभी होते. समोरून सुटायला निघालेल्या गाडीच्या खिडकीतून हाक आली, "बाय! आज तिथी काय?"

कॉलेजात मी सहसा पहिल्या बाकावर बसूनही उत्तर देत नसे. स्टँडवर एवढी माणसं. मी मोठ्यानं ओरडून सांगितलं, "पंचमी! परवा तुमची सप्तमी!" लोकांनी वळून पाहिलं. मला काही वाटलं नाही.

"बाबा कसे आहेत?" मी खिडकीशी जाऊन विचारलं.

"म्हातारा झाला, पण रोज इचारतो, पानी कसं हाय म्हणून. जव्हारच्या घाटात कुठलं पानी!" ते हसले. "पन सुट्टीला जातो ना खाडीवर. आनि आता घरी यकच कालवन असतं."

आणखी काही बोलणार होते, पण आतून कोण्या नव्या कंडक्टरनं डबल बेल मारली. तांडेलांनी माझ्याकडे पाहिलं, मिशीत हसले आणि ब्रेकवरचा पाय उचलला.