लग्नाच्या सुपांतली बुरशी

सत्तरच्या दशकात सोलापुरात आमच्या घरी हातमाग होता, घरातलं बोलणं तेलुगूत चालायचं आणि मी कॉलेजात बुरशी वाढवत होते. घरातली बुरशी पुसता पुसता अम्माचा जन्म चाललेला, त्यामुळे ती मला काय म्हणत असेल ते सांगायला नको.

विणताना धागा तुटू नये म्हणून सुताला खळ लावतात. कापड रंगवायचं तर ती काढावी लागते. माझे वडील, नाना, ती तेजाबाने काढायचे. कापड कमजोर व्हायचं, त्यांच्या हातांची सालं निघायची. ज्वारीच्या कोंड्यावर एक काळी बुरशी वाढवली तर ती असा रस सोडते की खळ आपसूक सुटून येते, असं मी पुस्तकात वाचलं होतं. पुस्तकातली बुरशी गुणी होती. माझी मात्र आळशी. ट्रेमधला कोंडा मधोमध तापायचा, आंबूस वास मारायचा आणि रस निघायचा नावाला.

कॉलेजातल्या सरांनी या प्रयोगाला दिवाळीपर्यंत मुदत दिली होती. तोवर खळ उतरली नाही तर विषय बंद, म्हणजे शिक्षण बंद, म्हणजे लग्न. अम्माने लग्नविधीला लागणारी नवी कोरी सुपंसुद्धा आणून माळ्यावर ठेवली होती. ती दिसली की माझं डोकं फिरायचं.

नवरात्रात कॉलेजला सुट्टी, म्हणून ट्रे घरी आणले. खंडेनवमीला आंघोळ करून येते तो काय, माझे ट्रे लख्ख घासून मागाच्या पायाशी मांडलेले. धोटा, कात्री आणि ट्रे, सगळ्यांना हळदकुंकू.

"आणि माझा कोंडा?" मी किंचाळलेच.

"सुपांत पसरलाय. वर ओलं फडकं टाकलंय, मटकीवर टाकते तसं," अम्मा म्हणाली. "घरातल्या सगळ्यांची हत्यारं पुजायची आणि तुझीच तेवढी सोडायची होय?"

तिच्या बोलण्यातली माया तेव्हा माझ्या डोक्यात शिरली नाही. सगळं काम पाण्यात गेलं, एवढंच मला दिसत होतं. बरं, पुजलेल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत आमच्यात कुणी हात लावत नाही, त्यामुळे कोंडा परत ट्रेमध्ये भरायचीही सोय नव्हती. पुरणपोळीवर रुसणं सोपं नसतं, तरी मी रुसले.

दसऱ्याला फेकून द्यायच्या तयारीनेच फडकं उचललं. कोंड्यावर पांढरी लव आली होती, कडेपासून मधोमध एकसारखी; ही बुरशी काळी पडण्याआधी अशीच पांढरी असते. आंबूस वासाचा पत्ता नव्हता. थर पातळ होता आणि बांबूच्या विणीतून खालूनही वारा लागत होता. मी मेली तिला ट्रेमध्ये कोंडून मारत होते! आनंदाने मला रडूच फुटलं.

मुद्दाम पुन्हा सुपांतच लावली. पुन्हा तशीच आली. दिवाळीच्या तोंडावर नानांनी खळीचं कडक कापड दिलं. ते रसात भिजवलं, धुतलं, वाळवलं आणि त्यावर आयोडीनचा थेंब टाकला. खळ उरली असेल तर तो निळा होतो. आम्ही तिघं वाकून बघत राहिलो. थेंब पिवळाच राहिला. नाना कापड कितीतरी वेळ चोळून बघत होते.

सरांनी विषय चालू ठेवला. मी सुपं घासूनपुसून अम्माला द्यायला गेले. तिने ती उलटसुलट करून पाहिली आणि माझ्याच हातात परत दिली.

"आता ही तुझी हत्यारं," ती म्हणाली. "लग्नाला दुसरी आणू. सावकाश."