तिघांना कबूल केलेला स्नेअर

दुपारचे तीन वाजून गेलेत. दादाच्या खोलीत, त्याच्या ड्रम्सच्या मधल्या फरशीवर मी आडवी झाले आहे. झोप लागण्याआधी पायाला बसतो तसा एक झटका बसतो. त्याचं कारण मला माहीत आहे. मेंदू स्नायूंवरचा ताबा सोडत असताना एखादा संदेश उगाचच निघून जातो. अशा वेळी माणूस निम्मा जागा असतो. म्हणून दार ढकलून दादा आत येतो, तेव्हा मी जागीच आहे असं मला वाटतं.

"तू मेलायस," मी म्हणते.

"अगं हो. पण पाचला मंडळी येणार ना? म्हटलं, तुला एकटीला जमायचं नाही."

एकोणीस दिवसांपूर्वी गेला तो. अमोस पाटोळे, वय त्रेपन्न. नगरला चर्चमध्ये आणि लग्नांच्या ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवायचा. अंगावर तोच कॉलर फाटलेला शर्ट आहे. पायात चप्पल नाही. तो स्टूल ओढून बसतो आणि सवयीनं गुडघ्यावर बोटं वाजवायला लागतो, पण बोटांचा आवाज येत नाही.

पाचला दादाचे वाजवणारे तीन मित्र येणार आहेत. फारूकभाई, कुंभोजकर सर आणि रूफस. तिघांनाही एकच ड्रम हवा आहे, दादाचा पितळी स्नेअर. स्नेअर म्हणजे खालच्या बाजूला तारा ताणलेला बसका ड्रम. ड्रमवाल्याचा सगळा जीव त्यात. दफनाच्या दिवशी, माती अजून ओली असताना, फारूकभाईंनी मला बाजूला घेतलं आणि हळूच सांगितलं, "ताई, अमोस मला म्हणाला होता, माझ्यानंतर हा तुझा." तासाभरानं कुंभोजकर सरांनी तेच सांगितलं. संध्याकाळी रूफसनं.

"तिघांना एकच वस्तू कबूल करतोस?" मी विचारते.

"चौथ्यालाही केली असती. लोक काय खूष होतात गं! त्यांचा चेहरा बघायचा."

"तारखा सांगू? फारूकभाईंना मार्चमध्ये. कुंभोजकरांना जूनमध्ये. रूफसला ऑगस्टमध्ये."

बोटं थांबतात.

"तुझी फाइल मला सापडली, दादा."

पायानं वाजवायचा जो मोठा ड्रम असतो, त्याचा घुमारा कमी करायला ड्रमवाले आत उशी कोंबतात. परवा मी ती उशी उन्हात टाकायला काढली, तर अभ्र्यात हॉस्पिटलची फाइल. अकरा फेब्रुवारीचा रिपोर्ट. हृदयाची ताकद पंचवीस टक्के. खाली डॉक्टरांनी लिहिलेलं, ताबडतोब दाखल व्हावं. मी उन्हात उशी धरून उभी, आणि मला आठवत होतं की त्याच महिन्यात तो मला फोनवर म्हणाला होता, "अ‍ॅसिडिटी गं. वडे खाल्ले."

"चल," दादा उठतो. "आधी तो नीट निवडू तरी."

खोलीला आता दुकानाचं शटर आहे. आम्ही पुण्यातल्या त्या बोळातल्या वाद्यांच्या दुकानात आहोत, जिथे तो मला लहानपणी न्यायचा आणि चार तास बसवून ठेवायचा. छताला झांजा टांगलेल्या आहेत, पण त्यांच्या जागी अधूनमधून माझ्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या बशीसारख्या घड्याळी काचा लटकताहेत. तीन खुर्च्यांवर तिघं बसलेत, आमच्याकडे पाठ करून. ही त्यांची जुनी रीत. स्नेअर घ्यायचा तर डोळ्यांनी बघायचा नाही. पाठ करून बसायचं, दुसऱ्यानं एकेक वाजवायचा, आणि कानांनी सांगायचं कोणता. कंपनीचं नाव, चकाकी, किंमत, सगळं पाठीमागे. फसायचं नसेल तर असंच, असं दादा म्हणायचा.

"हा कोरडा आहे," फारूकभाई न वळता म्हणतात.

"कोरडा? अहो, हा बोलतोय!" कुंभोजकर सर. बँकेतून निवृत्त झाल्यापासून ते सगळ्यांशी वाद घालतात. "तुमचे कान लग्नाच्या स्पीकरांनी गेलेत, फारूकमियाँ."

"आणि तुमचे जन्मापासून."

रूफस फिदीफिदी हसतो. दादाही हसतो. एकही ड्रम अजून वाजलेला नाही.

"बघ," दादा मला म्हणतो, "मी यांना म्हटलं, माझ्यानंतर हा तुझा. तर फारूकनं विचारलं, बाहेरचं शेल एका पत्र्याचं आहे की जोडलेलं? कुंभोजकर म्हणाले, तारा बदलल्यास का? बस. गप्पा सुरू. तू असतीस तर काय विचारलं असतंस?"

"माझ्यानंतर म्हणजे काय, हे विचारलं असतं."

"तेच. मग रिपोर्ट मागितला असतास. मग टक्के. मग मला रिक्षात घालून नेलं असतंस."

"नेलंच असतं."

"आणि ड्रम उचलू दिला असतास?"

"नाही."

"मग?"

"मग काय मग!"

मी इतक्या जोरात कधी बोलत नाही. कॉलेजात शेवटच्या बाकावर ऐकू येत नाही म्हणून मुलं तक्रार करतात. वर टांगलेल्या काचा किणकिणतात.

"तू मला अ‍ॅसिडिटी सांगितलीस. मी तुला जिरं पाठवलं. जिरं, दादा! डबा भरून, वर चिठ्ठी लावून. फेब्रुवारी ते सप्टेंबर तू ते खात बसलास आणि या तिघांकडे बसून आपल्या मरणाच्या गोष्टी करत होतास."

"मरणाच्या नाही गं. ड्रमच्या."

"हुशारी करू नकोस."

तो नजर वळवतो. आम्ही हॉस्पिटलच्या व्हरांड्यात उभे आहोत. तीन खुर्च्या तशाच, तिघं पाठमोरे तसेच, फक्त खुर्च्या आता बाहेरच्या रुग्णांच्या बाकड्यांच्या रांगेत आहेत. दादाच्या हातात केसपेपर आहे. नंबर पुकारला जातो, त्याचाच. तो हलत नाही.

"भीती वाटली," तो म्हणतो.

"मरणाची?"

"तुझी. तू समोर कागद धरतेस आणि मग दुसरं काही उरत नाही. मला सहा-सात महिने नुसतं वाजवायचं होतं."

हे त्याचं खरं आहे. मला ते कळतं, आणि कळतं म्हणून राग आणखी चढतो.

"आणि तो रविवार?" मी विचारते.

"कुठला?"

"तुला माहितीये कुठला. तू फोन केलास. म्हणालास, अगं करू, ये ना आज, पितळी स्नेअरवर नवं हेड ताणलंय, एकदा ऐकून जा. मी म्हटलं, पेपर तपासायचेत, पुढच्या रविवारी येते. तू म्हणालास, बरं. नुसतं बरं! तुला माहीत होतं पुढचा रविवार असेलच असं नाही. मला माहीत नव्हतं. एकशे बारा पेपर होते. मी ते फेकून आले असते. पायी आले असते. तो निर्णय माझा होता, दादा. तू तो मला घेऊच दिला नाहीस."

तो केसपेपर बाकड्यावर ठेवतो.

"करू," तो हळूच म्हणतो, "तिघांना बसव. पाठ करून. मी वाजवतो. जो आधी ओळखेल, त्याला देऊन टाक. तूही पाठ कर, चल."

"मी करणार नाही. मी बघणार आहे."

"रीत आहे ती."

"तुमची. वाजव, मी बघते."

आता आम्ही चर्चमागच्या हॉलमध्ये आहोत, पितळी स्नेअर स्टँडवर आहे. दादा काठ्या उचलतो आणि त्या त्याच्या बोटांतून खाली पडतात. पुन्हा उचलतो. पुन्हा पडतात. तिसऱ्यांदा तो वाकतच नाही. हात मांडीवर पुसतो, जणू घाम आला असावा. मी त्याला इतकं शरमिंदं कधी पाहिलं नाही आणि मला त्याची दया येत नाही.

मी काठ्या उचलते. आयुष्यात पहिल्यांदा. आणि मारते.

पहिल्या फटक्याला खालच्या तारा कडाडतात. दुसरा काठावर बसतो, तिसरा मधोमध. ताल नाही, काही नाही. मी जिऱ्याच्या डब्यासाठी मारते, उशीसाठी, त्या 'बरं'साठी. आवाज कडक आहे आणि आत कुठेतरी गोड आहे, आणि तो गोडवा ऐकून मी आणखी जोरात मारते. हा मला त्यानं ऐकवायला हवा होता. पाठमोरे तिघं माना खाली घालून ऐकताहेत.

"मनगट," दादा म्हणतो. "मनगट सैल, करू."

"गप्प बस!"

मी मारत राहते.

दारावरची बेल वाजते आहे. बराच वेळ वाजत असावी. मी फरशीवर उठून बसलेली आहे, केस विस्कटलेले, घसा कोरडा. घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं. मी जाऊन दार उघडते.

तिघं उभे आहेत. फारूकभाईंच्या हातात ड्रमसाठी आणलेली जाड पिशवी आहे.

"आत कुणीतरी वाजवत होतं, म्हणून थांबलो," ते म्हणतात.

"ताल कच्चा होता," कुंभोजकर सर म्हणतात. "पण काय आवाज आहे त्याचा!"

"तो कुणालाही मिळणार नाही," मी म्हणते.

"पण ताई, अमोसनं स्वतः..."

"माझ्यानंतर, असं म्हणाला ना तो? तिघांनाही. तुमच्यापैकी एकालाही विचारावंसं वाटलं नाही, का रे बाबा, तुझ्यानंतर का?"

फारूकभाई पिशवीची घडी घालायला लागतात. कुंभोजकर सर पहिल्यांदाच वाद घालत नाहीत. रूफस तिघांत लहान, चाळिशीचा. तो माझ्याकडे सरळ बघतो.

"आम्हाला वाटलं, तुम्हाला माहीत असेल," तो म्हणतो. "सख्खी बहीण. तुम्हाला पहिल्यांदा सांगितलं असेल."

मी त्यांना आत या म्हणत नाही. रागावू नका, असंही म्हणत नाही. ते तिघं फाटकापर्यंत पोचेतो मी उभी राहते, मग दार लावते. कडी सरकवताना उजव्या हाताला सणक जाते. तर्जनीच्या दुसऱ्या पेरावर, अंगठ्याच्या बाजूनं, पाण्यानं भरलेला फोड आहे, ताजा, वाटाण्याएवढा. कडीच्या कडेला घासून तो फुटतो.