पॉलाच्या माणसांचं टेबल

पॉला गेली.

काल सकाळी तिच्या मुलीचा फोन आला. "आंटी, मॉम इज गॉन."

मी शॉमबर्गला, माझ्या किचनमध्ये उभी होते. पण खिडकीबाहेर मला दिसायला लागला पिट्सबर्गचा तो चढ, धुक्यात अर्धा बुडालेला.

ऐंशीच्या दशकात नागपूरहून एमएस करायला आले, तेव्हा पॉलाच्या घरातली वरची खोली भाड्याने घेतली होती. ती माझ्याच वयाची, बँकेत नोकरी करणारी. तिचे वडील जॉर्ज. मी त्यांना जॉर्जकाका म्हणायचे. स्टील मिलमधून नुकतेच ले-ऑफ झालेले.

काका त्यांच्या बहिणीशी फोनवर एक वेगळीच भाषा बोलायचे. एकदा जेवताना विचारलं, "काका, ही कुठली भाषा?"

"पो नाशोमु. म्हणजे, आमच्यासारखं बोलणं."

"पण नाव काय तिचं?"

"नाव नाही. कुणी विचारलं तर स्लोव्हाक सांग."

पॉलाने काटा खाली ठेवला. "डॅड, आपण रुसिन आहोत."

"मग नकाशात दाखव ना तुझा देश!"

नकाशात तो नव्हताच. युरोपातल्या कार्पेथियन डोंगरांतली ही माणसं. सीमा त्यांच्या डोक्यावरून सरकत राहिल्या. इथे आल्यावर ज्याने जे म्हटलं, ते झाली. लहानपणी शाळेत ही भाषा बोलल्याबद्दल काकांनी मार खाल्ला होता. त्यांना तो विषयच नको असायचा.

पॉलाने मात्र मित्रमैत्रिणी जमवून यूथ क्लब काढला. चर्चच्या बेसमेंटमध्ये.

ही मुलं म्हाताऱ्या बायकांकडे जायची, गाणी शिकून यायची, शब्द विचारून यायची. मीही जायचे सोबत. बाहेर बर्फ, आत काचांवर वाफ, मेणबत्त्यांचा वास. आणि विशीतली पोरं गातायत, कधीच न पाहिलेल्या डोंगरांबद्दल.

डोळे मिटले की ते बेसमेंट हळूच जमिनीवरून उचललं जायचं. खरंच.

मग वसंतात शहरात फोक फेस्टिव्हल आला. प्रत्येक देशाला एक टेबल.

ऑर्गनायझर बाई गोड हसून म्हणाल्या, "तुमचा देश नाहीये ना. स्लोव्हाक लोकांबरोबर बसा की."

"नो, थँक यू," पॉला म्हणाली.

आणि सगळे बाहेर पार्किंग लॉटमध्ये उभे राहून गायला लागले. बारीक भुरभुर होती. ऐकायला कुणी थांबेना.

मग हॉलचं दार उघडलं. एक म्हातारी बाहेर आली. एप्रन घातलेली, कोपरापर्यंत पीठ. युक्रेनियन स्टॉलवर कित्येक वर्षं तीच लाटत होती. ती पॉलाशेजारी येऊन उभी राहिली आणि गायला लागली.

मग आणखी दोघी. मग एक आजोबा.

शेवटी दारात जॉर्जकाका. अंगात स्लोव्हाक क्लबचं भरतकाम केलेलं जाकीट.

पॉलाचा आवाज फाटला. बाकीच्यांनी गाणं सांभाळलं.

काकांनी जाकीट काढलं. घडी करून एका गाडीच्या बॉनेटवर ठेवलं. नुसत्या शर्टावर भिजत आले, लेकीच्या मागे उभे राहिले, आणि खालच्या पट्टीत गायला लागले. सगळी कडवी त्यांना पाठ होती.

सगळी.

परत येताना सिग्नलला काका म्हणाले, "पुढच्या वर्षी टेबल मागा. बोर्ड मी करतो."

पुढच्या वर्षी टेबल मिळालं. बोर्ड काकांनीच रंगवला. एक अक्षर जरा वाकडं आलं होतं, पण त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही.

पुढे शॉमबर्गला मी मुलांसाठी मराठी वर्ग सुरू केला, तेव्हा वैतागून पॉलाला फोन केला होता. "यार, मी मराठीत विचारते, पोरं इंग्लिशमध्ये उत्तर देतात!"

ती हसली. "देऊ देत. तू विचारणं बंद करू नकोस."

शनिवारी तिची फ्युनरल सर्व्हिस आहे. क्लबची सगळी मंडळी, आता पांढऱ्या केसांची, त्यांच्या भाषेत गाणार आहेत. मी ड्राइव्ह करून जातेय.

पॉला, माझ्या मैत्रिणी, तुला खूप प्रेमाने निरोप.