घरमालकीणबाईंची शांतता

माणसं घर झाडतात, पुसतात, रंगवतात. पण घरातली शांतता रोज सकाळी उठून तपासणारी बाई मी उभ्या जगात एकच पाहिली, आणि ती आमची युट्रेख्टची घरमालकीण होती. दोन हजार पाचच्या आसपासची गोष्ट. मी पुण्याहून संगणकाच्या नोकरीसाठी आलो होतो, पाठोपाठ बायको आली होती, आणि आम्ही एका घराच्या वरच्या दोन खोल्या बघायला गेलो होतो. दार उघडणाऱ्या बाईंनी डोक्याला रुमाल बांधला होता आणि त्या फक्त डच बोलल्या. वर चढताना बायको माझ्या कानाशी कुजबुजली, "जिना फारच उभा आहे नाही?" त्यावर खालून खणखणीत मराठी आलं, "उभा आहे, पण अजून कोणी पडलेलं नाही. आणि चपला खालीच काढायच्या!"

बाई अलिबागकडच्या बेने इस्राएल, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या कोकणात राहिलेल्या मराठी ज्यू. "आम्ही शनवार तेली, शनवारी घाणा बंद ठेवणारे," असं त्या मोठ्या अभिमानाने सांगत. तरुणपणी नर्स म्हणून इथं आल्या, इथल्याच एका ज्यू घड्याळजीशी लग्न केलं, तो गेल्यावर एकट्या राहिल्या. आम्ही त्यांना मावशी म्हणायला लागलो, आणि त्यांनी आम्हाला भाडेकरूंचे नियम ऐकवायला सुरुवात केली. कचरा कधी ठेवायचा, सायकली कुठं लावायच्या, हे दोन मिनिटांत उरकलं. मग तासभर शांतता. त्यांच्या मते तोंडातून निघालेल्या प्रत्येक शब्दातून एक देवदूत जन्माला येतो. चांगल्या शब्दाचा देवदूत घर राखतो. वाईट शब्दाचा कोपऱ्यात दबा धरून बसतो आणि वर जाऊन चुगल्या करतो. हे जुन्या ज्ञानी लोकांनी सांगितलंय, त्यामुळे त्यावर चर्चा नाही. घरात कोणी आवाज चढवला की मावशी त्या वाईट देवदूताला हाकलायला ऐन जानेवारीत सगळ्या खिडक्या सताड उघडत आणि आम्ही कोट घालून जेवत असू. मीटर बघायला आलेला एक माणूस जिन्यात फोनवर कुणावर तरी खेकसला, तर मावशींनी त्याला रस्त्यावर नेऊन उभं केलं आणि उरलेलं वाक्य तिथं संपवून मग आत यायला सांगितलं. आम्हा नवरा-बायकोला त्यांनी सायकलींची खोली नेमून दिली होती. "भांडण दाबू नये, पोटात सडतं. पण घरात नको. तिथं जा." चार सायकलींच्या मध्ये, हँडल बरगडीत टोचत असताना, बटाटे कोणी आणायचे यावर फार वेळ भांडता येत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

शुक्रवारी मात्र त्या वेगळ्याच असत; त्यांचा पवित्र शनवार शुक्रवारच्या सूर्यास्तालाच सुरू होई. सूर्य मावळायच्या आत टेबलावर पांढरं कापड, दोन दिवे, आणि आम्ही दोघं सक्तीचे पाहुणे. त्या संध्याकाळी घरात दोन देवदूत डोकावतात, एक भला आणि एक खट. घर उजळलेलं आणि माणसं हसती दिसली, तर भला म्हणतो, पुढच्या आठवड्यातही असंच असू दे, आणि खटाला नाइलाजाने आमेन म्हणावं लागतं. "त्याचं तोंड कसं होत असेल!" म्हणून मावशी स्वतःच खुदखुदत. बायकोने एकदा विचारलं, "मावशी, देवदूतांना पिठलं चालेल?" त्या गंभीरपणे म्हणाल्या, "चालेल. गुठळ्या नकोत."

आणि मग बायकोला आइंडहोवनला नोकरी मिळाली. मी नको म्हणालो. रोजचा प्रवास, थंडी, अमुक, तमुक. गाडीने जेमतेम तासाचा रस्ता, पण मी तो असा वर्णन केला की जणू ती ध्रुवावर निघाली होती. खरं कारण एवढंच होतं, की मी घरी आल्यावर ती घरात असण्याची मला सवय झाली होती. ते तिने मला नेमक्या शब्दांत सांगितलं, आणि त्या बुधवारी आम्हाला सायकलींची खोली आठवलीच नाही. दारं आपटली. ती रडली. मी नको ते बोललो.

मावशींनी खिडक्या उघडल्या नाहीत. त्या वर आल्या आणि आमच्या दाराच्या चौकटीवरची मेझुझा उतरवू लागल्या. मेझुझा म्हणजे बोटभर लांबीची डबी. आत चामड्यावर हाताने लिहिलेली प्रार्थना असते आणि ती घर राखते. तिच्यातलं एक अक्षर जरी तडकलं तरी राखण संपली. "अक्षर गेलंय," मावशी म्हणाल्या, "त्याशिवाय तुम्ही असं बोलणार नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी अॅमस्टरडॅमहून एक वयस्कर गृहस्थ आले. अशी अक्षरं लिहिणं आणि तपासणं हाच त्यांचा व्यवसाय. त्यांनी भिंग लावून ओळ न् ओळ पाहिली. आम्ही तिघं निकालाची वाट बघत उभे. शेवटी भिंग खिशात ठेवत ते डचमध्ये म्हणाले, "अक्षरं उत्तम आहेत, बाई. आता माणसं तपासा."

ते गेल्यावर मावशी माझ्याकडे वळल्या. "तू हिला हो म्हणालास?"

"अजून नाही."

"मग काय, मी म्हणू?"

मी हो म्हणालो. बायकोकडे बघून, माफी मागून म्हणालो. तिने लगेच काही माफ केलं नाही, पण चहा तीन कप केला. मावशींनी मात्र कपाला हातही लावला नाही. "माणसं तपासा म्हणाला," त्या पुटपुटल्या. आणि मग त्यांनी सांगितलं, की इस्राएलमधल्या अश्दोदला त्यांची सख्खी धाकटी बहीण आहे आणि तिच्याशी त्या नऊ वर्षं बोललेल्या नाहीत. आईच्या शेवटच्या आजारात मावशी वेळेवर पोचल्या नव्हत्या. बहीण दारातच म्हणाली होती, "आता कशाला आलीस?" मावशी त्याच पावली परत फिरल्या होत्या. "दोन माणसांत गोडी असली, की देव त्यांच्यामध्ये येऊन बसतो म्हणतात. मी नऊ वर्षं घर राखतेय. पण माझ्या घरात दुसरं माणूस कुठाय?"

बायकोने फोन त्यांच्यासमोर ठेवला. मावशींना आकडे पाठ होते. पलीकडून आवाज आला आणि मावशी म्हणाल्या, "मी बोलतेय." मग पलीकडून काहीतरी विचारलं गेलं आणि मावशी म्हणाल्या, "जेवले गं. तू?" पुढचा तासभर तिकडे मासे कुठले मिळतात यावर दोघी बोलल्या. आईचं नाव कोणी काढलं नाही. फोन ठेवून मावशी न्हाणीघरात गेल्या आणि खूप वेळ नळ सोडून बसल्या.

पुढच्या उन्हाळ्यात त्या बहिणीकडे राहायला गेल्या. घर विकलं गेलं, आम्ही नीउ-व्हेनेप नावाच्या गावात आलो. इथं घरात एवढी जागा आहे, की आम्ही भांडलो तरी कोणाला ऐकू जात नाही, आणि ते मला मुळीच बरं वाटत नाही. शुक्रवारी दुपारी, दिवे लावायच्या आधी, मावशींचा फोन येतो. बहीण दारं उघडी टाकते, मीठ जास्त घालते, दिवसभर तोंड चालू असतं. "शांतता म्हणून नाही बघ या घरात," त्या म्हणतात, आणि इतक्या तृप्त आवाजात मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं. परवा असंच बोलता बोलता मागून बहीण काहीतरी ओरडली. "ठेवते रे," म्हणाल्या, आणि फोन बंद करायला विसरून तशाच तिकडे गेल्या. बायकोने कान जवळ आणला. दूर त्या गावात दोन म्हाताऱ्या मराठीत कडाकडा भांडत होत्या, आणि आम्ही दोघं एकमेकांना टेकून, फोन न ठेवता, ते ऐकत राहिलो.