हरकत नाही

खारदांड्याची माझी मासेवाली इन्सुलिनची बाटली फडक्यात गुंडाळून माशांच्या बर्फाशेजारी ठेवायची. एका रविवारी मी पापलेट घेत असताना तिथे एका कंपनीचा माणूस आला. समुद्रात सांडलेलं तेल खाणारे, लॅबमध्ये घडवलेले जंतू त्याला किनाऱ्याजवळच्या पाण्यात सोडायचे होते.

"तेल संपल्यावर ते काय खातील?" तिने विचारलं.

"मावशी, ते तुम्हाला नाही कळणार."

माझं डोकंच फिरलं. तिने बाटली काढून त्याच्या नाकासमोर धरली. "हे औषध पण तसलेच जंतू बनवतात, डॉक्टर बोलले. त्यांच्यावरच जगते मी. पण ते टाकीत बंद असतात. पाण्यात सोडलेले परत कोण गोळा करणार रे, तू?"

त्याने निर्लज्जपणे कागद पुढे केला. 'आमची हरकत नाही' आधीच छापलेलं. खाली अंगठ्यापुरती जागा.

तिने तो शेवटपर्यंत वाचला आणि माझं पापलेट त्यात बांधून दिलं.