फ्रीजचं बटण

भूतखेत, अंगात येणं... यातलं मी कधीच काही मानलं नाही. हे तोंडाने सांगायची लाज वाटते, म्हणून लिहितेय.

आम्ही घाटकोपरला, असल्फ्याच्या डोंगरावरच्या चाळीत राहतो. दुपारी नळाला पाणी येतं. शेजारच्या कदमवहिनी "पाणी आलं गंऽ!" म्हणून ओरडल्या की घराघरातली मोटर एकदम सुरू. मग पंखा मंदावतो, ट्यूबलाइट फडफडते आणि फ्रीज नुसता घुरघुरत राहतो. अशानेच आमचा एक कॉम्प्रेसर जळला. मेकॅनिक म्हणाला, "ताई, व्होल्टेज पडलं की बटण बंद करायचं. पाणी गेलं की लावायचं."

तेव्हा माझ्या नवऱ्याची डावी बाजू लकव्याने गेली होती. यांची कॉट फ्रीजशेजारीच. हे म्हणाले, "तू पाणी भर. बटण माझ्याकडे." मोटरी लागल्या की चांगल्या हाताने टक्. मी मोरीतून विचारायची, "केलं का हो?"

"मग? ड्युटीवर आहे मी!"

दिवसभरात तेवढंच हसायचे.

हे गेले. तेरावं झालं. पाणी भरताना पंखा मंदावला, मी ओल्या पायांनी धावले... बटण बंद होतं. दाराला आतून कडी. मुलगा संदीप कामावर, घरात मी एकटी. दुसऱ्या दिवशीही तसंच. मग रोजच. मला भीती वाटली नाही. उलट दुपारची वाट बघायला लागले.

संदीपला सांगितलं. "आई, तूच बंद करतेस नि विसरतेस," म्हणाला, पण माझ्याकडे बघेना. रविवारी स्टॅबिलायझर घेऊन आला. "आता बटणाची कटकटच नको."

त्या दिवसापासून बटण बंद झालंच नाही.

मी पुष्कळ वाट पाहिली. शेवटी एका दुपारी स्टॅबिलायझर काढून फ्रीज थेट लावला. मोटरी लागल्या. फ्रीज घुरघुरला, थांबला, परत घुरघुरला. मी समोर हात घट्ट धरून उभी. बटण हललं नाही. जळका वास आला, तरी नाही.

संध्याकाळी संदीप चिडला, "आई, हा कुणी काढला?"

ते बटण कसं बंद व्हायचं, मला आजही कळलेलं नाही. एवढंच वाटतं – स्टॅबिलायझर घरात आणताना यांना कुणीच विचारलं नाही.