बॅटरीचा करंट

आमच्या गावात लाइनच्या करंटला सगळे वचकून असतात. बॅटरीच्या करंटला मात्र कुणी मोजत नाही. बॅटरी म्हणजे गरीब गाय. तिच्या दोन्ही टोकांना ओली बोटं लावून दाखवणारे बहाद्दर आमच्याकडे घरोघरी आहेत, आणि बॅटरीपुरतं ते खोटंही नाही. तिथंच घात झाला.

आंधळगावच्या पुढं, जंगलाच्या कडेला आमची धानाची शेती. धान भरायला लागलं की रानडुकरं येतात आणि एका रात्रीत बांधीतलं उभं पीक लोळवून टाकतात. म्हणून शेताभोवती तार आणि तारेला झटका मशीन. ते मशीन बॅटरीवर चालतं, ठोका देतं आणि सोडतं. डुक्कर पळून जातं, माणूस शिवी घालतो, एवढंच. बाबांना तर तार हातानं उचलून खालून जायची सवयच होती. कधी ठोका बसला तर घरी येऊन सांगायचे, "आज मशीननं गुदगुल्या केल्या."

मागच्या पावसाळ्यात वीज पडली आणि मशीन जळालं. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, शेती तोच बघतो. जवळच्या एका गावात कुणी तारेत थेट लाइन सोडली होती, त्यात शेजारचा माणूस मेला आणि तार लावणारा तुरुंगात गेला. दादानं त्याचा धसका घेतला होता. "आपण लाइनले हात नाई लावाचा," असं तो सगळ्यांना बजावायचा. म्हणून त्यानं घरातला इन्व्हर्टर आणि त्याची बॅटरी मोटरसायकलवर बांधून शेतात नेली आणि मशीनच्या जागी जोडली. त्याच्या लेखी करंट बॅटरीचाच होता. तो काळजी घेत होता, आणि याच गोष्टीचा मला आजही सगळ्यात जास्त संताप येतो.

मी वरठीकडे एका कारखान्यात विजेच्या खात्यात आहे. तिथं आम्ही लाइनचा उलटसुलट धावणारा करंट एका दिशेचा करून क्रेनच्या मोटारींना देतो. घरातला इन्व्हर्टर नेमकं उलटं करतो. त्यात शिरतो तो बॅटरीचा मवाळ करंट, बाहेर पडतो तो लाइनसारखाच, माणूस मारणारा. त्याच्यावर घरातला पंखा फिरतो, टीव्ही चालतो, हे आमच्या घरात सगळ्यांनी वर्षानुवर्षं पाहिलं होतं. पण डब्याला बॅटरी जोडलेली आहे ना, मग तो गरीबच, असा हिशोब. मी खोली करून वरठीलाच राहायचो. इन्व्हर्टर शेतात गेलाय हे मला बाबा गेले त्या दिवशी कळलं.

त्या सकाळी आई शेतातून धावत आली आणि म्हणाली, बाबा बांधावर, धुऱ्यावर पडले, उठत नाहीत. बाबांना हृदयाचा त्रास होताच. गावानं मान हलवली, दादानं ऊर बडवून घेतला आणि मला फोन केला. मी पोहोचलो तेव्हा अंगणात पाणी तापत होतं. अंघोळ घालताना मी त्यांचा उजवा हात उघडला, तर तळव्यावर आडवी काळी रेघ. कातडी जळलेली होती. मी वर बघितलं. आई पुढं आली, त्या तळव्यावर तुळशीचं पान ठेवलं आणि बाबांची बोटं एकेक करून मिटली.

मग ती मला गोठ्यामागं घेऊन गेली.

"हात तारेले चिपकून होता. मीच बटन बंद केलं," ती म्हणाली. "दादाले सांगू नोको."

"काहून नाई सांगाचं? त्याच्या तारेनं मेले ते."

"म्हणूनच. तुये बाबा तर गेले. याले तरी जिता राहू दे."

माझ्या तोंडाशी आलेले शब्द मी गिळले, कारण समोरून दादा बाबांसाठी लाकडं घेऊन येत होता. त्यानंतर येईल त्याला तो स्वतःच सांगायचा, "हार्ट अटॅक." बाबांची आठवण निघाली की रडायचा आणि रडून झालं की गाढ झोपायचा. सुट्टीत घरी गेलो की मी आईला त्याच्या खाटेजवळ बसलेली बघायचो. तिच्या तोंडावर समाधान असायचं, आणि मला ते बघवत नसे.

बाबांनंतर इन्व्हर्टर घरी परत आला होता. यंदा धान लोंबीवर आल्यावर मी सुट्टी काढून घरी गेलो. बघतो तर दादा अंगणात बॅटरीत पाणी भरतोय आणि इन्व्हर्टर मोटरसायकलला बांधून तयार. "डुकरं लय मातून राहिले," तो म्हणाला. मी तडक आत गेलो. आई तांदूळ पाखडत होती. मी तिला विचारलं, आता काय करायचं?

"मी रोज सगळ्याइच्या आधी जाईन," ती सुपातून मान वर न करता म्हणाली. "जाऊन बटन बंद करीन."

तिनं ठरवूनच ठेवलं होतं. अंधारात, ओल्या धुऱ्यावरून, अनवाणी. बाबा जिथं पडले तिथं, रोज. माझं डोकं फिरलं. बाहेर येऊन मी इन्व्हर्टरची दोरी सोडली, तो खाली ठेवला आणि दादाला सांगितलं. डब्यातून काय निघतं ते सांगितलं. तळव्यावरची रेघ सांगितली. हात कुणी सोडवला तेही सांगितलं.

हातातलं पाण्याचं भांडं दादानं हळूच खाली ठेवलं.

"आईले माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

त्यानं दाराकडे बघितलं. आत सुपाचा आवाज थांबला होता.

"मंग वर्षभर मले जेवाले कशी वाढत होती?"